ट्रायग्लिसराइड ६४०: दोष हुमणातल्या खोबऱ्याचा की रात्रीच्या क्वार्टरचा?

डिचोलीची सून

नमस्कार मंडळी. मिस्टरांचा रक्ताचा रिपोर्ट आलाय आणि घरात महाभारत सुरू झालंय, म्हणून विचारते.

वय ४४, स्वतःचा टिपर आहे. २०१८ ला खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला, तेव्हापासून पिणं वाढलं. आता गाडीला कामं मिळतात, पण पिणं काही कमी झालं नाही. रोज रात्री एक क्वार्टर, कधी व्हिस्की, कधी फेणी. शनिवार-रविवारी जास्त. काजूच्या दिवसांत हुर्राक येते, तिला तर हिशेबच नाही.

रिपोर्ट असा: टोटल कोलेस्टेरॉल २६२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ६४०, एचडीएल ५६. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, त्याच्या पुढे आकडा नाही, नुसती रेघ. लिव्हरचे आकडे: एसजीओटी ९६, एसजीपीटी ४४, जीजीटी २१०. उपाशीपोटी साखर १०८.

सासूबाईंचं म्हणणं, मी हुमणात, म्हणजे माशांच्या कढीत, खोबरं सढळ हाताने घालते म्हणून झालं. धाकटे दीर म्हणतात, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ते ५६ आहे, म्हणजे दारूने दादाचं काळीज सांभाळलंय. डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइड उतरवायची फेनोफायब्रेटची गोळी लिहून दिली, "दारू बंद" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर रांग होती, त्यांना तरी काय बोलणार.

दारूत तेलाचा थेंब नसतो, मग तिने रक्तातली चरबी वाढते कशी? ती रेघ कसली? आणि मी स्वयंपाकात नेमकं काय बदलू?

काजूभाट, सत्तरी

वहिनी, व्हिस्कीचं काय ते बोला, हुर्राकीला त्यात ओढू नका. ती बोंडूंची, फळाची. आमच्या आजोबांनी सीझनभर घेतली, नव्वदी गाठली, शेवटपर्यंत भाटात (काजूच्या बागेत) चढउतार करत होते. दुकानात मिळणारी रंगीत दारू ती खरी घातकी. तिच्याबरोबर बारमध्ये पाम तेलात तळलेलं खातात ते बंद करा, खोबरं निम्मं करा, सगळं ठिकाणावर येईल.

नळीवाला, फोंडा

ताई, मी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. सकाळभर लोकांच्या दंडात सुया आणि मग दुपारपर्यंत मशीनसमोर. तेव्हा औषधाचं डॉक्टरांना विचारा, आकड्यांचं मी सांगतो.

आधी ती रेघ. बऱ्याच ठिकाणी एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. टोटलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. तुमचे आकडे घातले तर २६२ वजा ५६ वजा १२८, उत्तर ७८. हे ७८ बघून धाकटे दीर पेढे वाटतील. पण ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणित लंगडं पडतं, म्हणून लॅबने रेघ मारली. बरोबरच केलं. खरा आकडा हवा असेल तर "डायरेक्ट एलडीएल" असं सांगून करून घ्या. तोवर टोटलमधून एचडीएल वजा करून उरतं ते बघा: २०६. हा आकडा कुठल्याही हिशेबाने जास्त आहे.

आता खोबरं की दारू. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. २०० पासून पुढे जास्त धरतात, ५०० च्या पुढे खूपच जास्त. रक्तात ही चरबी दोन वाटांनी येते. एक, जेवणातली, आतड्यातून. दुसरी, लिव्हरने स्वतः बनवून बाहेर सोडलेली. पूर्वी हे नळीतच ओळखायचे. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर सीरम राहतो, इतका स्वच्छ की मागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता यावीत. ट्रायग्लिसराइड चढलेल्या माणसाचा सीरम गढूळ पांढरट निघतो, हजाराच्या पुढचा तर पार दुधाळ, ट्यूबलाइटचा उजेडसुद्धा पलीकडे जात नाही. अशी नळी रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवायची. जेवणातली चरबी असेल तर सकाळी वर सायीचा थर दिसतो. लिव्हरने बनवलेली चरबी वर येत नाही, अख्खा सीरम वरपासून खालपर्यंत तसाच गढूळ. आता हे कोणी मुद्दाम करत नाही, पण सोमवारी सकाळी आमच्याकडे असल्या एक-दोन नळ्या हमखास येतात, आणि नमुना देणाऱ्याला रविवार कसा गेला हे विचारावं लागत नाही. तोंडाच्या वासावरूनच कळतं.

बारा तास उपाशी राहून दिलेल्या रक्तात आदल्या रात्रीच्या हुमणातलं खोबरं फारसं उरलेलं नसतं. तेव्हा ६४० मधला बहुतेक माल लिव्हरच्या कारखान्यातला आहे, आणि सासूबाईंचा आरोप तुम्ही बिनधास्त परत करा.

तेल नसताना चरबी कशी, याचं उत्तर असं. दारू शरीरात साठवता येत नाही, तिचा निकाल आधी लावावा लागतो, आणि तो बहुतेक सगळा लिव्हरमध्येच लागतो. रायबंदरच्या धक्क्यावर रुग्णवाहिका आली की फेरीत आधी ती चढते आणि बाकीच्या गाड्या खोळंबतात, तसं. खोळंबते ती चरबी. दारू फोडताना लिव्हरच्या पेशींत असा रासायनिक बदल होतो की चरबी जाळायचं काम मंदावतं आणि नवी चरबी बनवायचं काम जोरात चालतं. शिवाय शरीरात इतर ठिकाणी साठलेली चरबीही लिव्हरकडे येत राहते. त्यातली काही लिव्हरमध्येच मुक्काम ठोकते, सोनोग्राफीवाले "फॅटी लिव्हर" लिहितात ती हीच. उरलेली व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात सोडली जाते. बरं, रक्तातले हे कण फोडून चरबी मोकळी करणारं जे एन्झाइम आहे, तेही भरपूर दारू पोटात असताना ढिलं पडतं. म्हणजे आवक वाढली आणि जावकही अडली. त्यात समोर रवा लावून तळलेला बांगडा किंवा चवरीस-पाव (डुकराच्या मांसाचं सॉसेज आणि पाव) असेल तर त्या रात्रीचा आकडा आणखी वर, कारण आता दोन्ही वाटांनी चरबी येतेय.

दिरांच्या एचडीएलबद्दल. दारूने एचडीएल वाढतं हे खरं आहे. पण तेवढ्याने हृदय वाचतं हे आता टिकलेलं नाही. एचडीएल चांगलं वाढवणारी औषधं निघाली, हजारो लोकांवर वापरून बघितली, आणि नुसतं एचडीएल वाढलं म्हणून हार्ट अॅटॅक कमी झाले असं काही दिसलं नाही. उलट तुमच्या रिपोर्टमध्ये हे ५६ मला चहाडी केल्यासारखं वाटतं. पोट सुटलंय, साखर वाढतेय अशा माणसाचं ट्रायग्लिसराइड ६४० असेल तर एचडीएल बहुधा पस्तिसाच्या आसपास लोळत असतं. ट्रायग्लिसराइडही वर आणि एचडीएलही बऱ्यापैकी, अशी जोडी दिसली की मनात पहिली शंका दारूचीच येते. त्यात एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आणि जीजीटी २१०. तिघेही एकाच दिशेला बोट दाखवतात. तरी डॉक्टरांना थायरॉइड आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करायचं का, विचारा. साखर १०८ ही अगदी निर्मळ नाही, आणि थायरॉइड मंद असलं तरी ट्रायग्लिसराइड वाढतं.

काजूभाट, तुमच्या आजोबांना नमस्कार. पण लिव्हरला बोंडू कळत नाही, ग्रॅम कळतात. क्वार्टर म्हणजे १८० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के असेल, मग व्हिस्की असो की फेणी, तर ६० ग्रॅमच्या वर शुद्ध अल्कोहोल झालं आणि ४०० हून जास्त कॅलरी. हुर्राक पहिल्या वाफेची, फेणीपेक्षा पुष्कळ हलकी, मान्य. पण ती भट्टीगणिक बदलते, आणि हलकी म्हणूनच कोपाने (छोट्या पेल्याने) नव्हे, ग्लासाने जाते. १५ टक्के धरली तरी पाव लिटरच्या ग्लासात ३० ग्रॅम. असे दोन ग्लास झाले की क्वार्टर पोचला. वर लिम्का ओतता, त्यातली साखर वेगळी. साखरेचीही चरबी लिव्हरच करतो.

स्वयंपाकाचं शेवटी सांगतो, कारण महत्त्वही तेवढंच आहे. हुमण चालू दे. खोबऱ्यातली चरबी जास्त झाली तर एलडीएलवर परिणाम करते, तेव्हा हात थोडा आवरलात तर बरंच, पण ६४० चा आकडा त्याने खाली येणार नाही. तळण, गोड पेयं, मैद्याचे पाव, भाताचा डोंगर हे कमी करा. बांगडे-तारले कढीतले खाऊ देत.

एक गोष्ट मात्र आज रात्रीच लक्षात ठेवा. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेलं की स्वादुपिंडाला सूज यायचा धोका सुरू होतो, हजाराच्या पुढे तो बराच वाढतो, आणि दारू स्वतःही तेच दुखणं देते. पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, पाठीत घुसणारी, उलट्या, वाकून बसलं की जरा बरं वाटतं, असं झालं तर "गॅस असेल" म्हणून सोडा-लिंबू देत बसू नका. १०८ ला फोन करा.

डिचोलीची सून

नळीवाले दादा, एवढं नीट आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या "बरं बरं" म्हणून देवघरात गेल्या.

मिस्टरांनीही वाचलं. पोटाच्या कळेचं वाचून घाबरले वाटतं. म्हणाले, येत्या सोमवारपासून बंद, एक थेंबही नाही, कोणाला सांगायचं नाही, कुठे जायचं नाही, माझं मी करतो. मला आनंदच झाला. फक्त एक विचारायचंय. सकाळी चहाचा कप धरताना त्यांचे हात थरथरतात, बशी वाजते. आणि मागे गणपतीत सोवळ्यामुळे दोन दिवस घेतली नव्हती तेव्हा रात्रभर घाम, झोप नाही, भिंतीवर मुंग्या चालतात म्हणत होते. तेव्हा आम्हाला ताप वाटला. ह्याचा काही संबंध असेल का?

वॉर्डातली बाय, बांबोळी

संबंध आहे. सोमवारचा बेत घरच्या घरी करू नका. मी अशा वॉर्डात ड्युटी केलेली नर्स आहे, म्हणून मध्ये तोंड घालते.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, मुंग्या-किडे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो, नाडी धावते. यात माणूस दगावू शकतो. गणपतीतला तो ताप बहुतेक ताप नव्हता. आणि ज्याला एकदा असं झालंय त्याला पुढच्या वेळी जास्त जोरात व्हायची भीती असते.

याचा अर्थ पीत राहा असा नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची. काही दिवसांच्या गोळ्या असतात, त्या चढत्या नाहीत, उतरत्या क्रमाने देतात, आणि बी१ जीवनसत्त्व देतात. ते फार महत्त्वाचं, पिणाऱ्यांच्या अंगात ते कमी पडतं आणि मेंदूला इजा होते. काहींना घरी राहून जमतं, काहींना भरती व्हावं लागतं. तुमच्या मिस्टरांची मुंग्यांची गोष्ट ऐकली तर भरती करा म्हणतील असं मला वाटतं, पण ते तपासून ठरेल. बांबोळीला आयपीएचबीची, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळाची, ओपीडी आहे, तिथे जा. "वेड्यांच्या इस्पितळात कशाला" असं दीर म्हणतील, म्हणू देत. तिथे रांगेत बँकेतले, मास्तर, शिपाई सगळे बसलेले असतात. सोमवारच्या आधी जाऊन या. तोवर पिणं अचानक तोडू नका. जमत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, फुकट आहे.

जाताना रिपोर्टची मूळ प्रत, चालू गोळ्यांची पाकिटं आणि तो गणपतीतला प्रसंग, तिन्ही घेऊन जा. प्रसंग त्यांना सांगू देऊ नका, तुम्ही सांगा. पुरुष माणसं "एक-दोन पेग" म्हणतात आणि डॉक्टरचा हिशेब तिथेच चुकतो.

म्हापशेकर

ताई, मी त्याच रांगेत बसलेला. माझं ट्रायग्लिसराइड ९०० च्या पुढे होतं. गोळी चालू केली, पिणंही चालू ठेवलं. आकडा हलला, पण सरळ झाला नाही. दारू सुटल्यावर महिन्याभरात दोनशेच्या आत आला. मला स्वतःला खरं वाटेना, दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन परत करून घेतलं.

आकड्याचं सोपं होतं, संध्याकाळचं अवघड. साडेसात वाजले की पाय आपोआप वळायचे. लग्नात, बारशात, फुटबॉलच्या मॅचनंतर, मयताहून परत येतानासुद्धा कोणीतरी "एक कोप मार रे" म्हणायचाच. मी दोतोराचं नाव पुढे केलं. "अँटिबायोटिक चालू आहे" म्हटलं की गोव्यात कोणी आग्रह करत नाही, आणि "सोडली" म्हटलं की चारजण पैज लावतात. मी वर्षभर अँटिबायोटिकवर होतो. घरच्यांनी एक चांगलं केलं, साडेसातलाच जेवायला वाढायला लागले. भरल्या पोटी तेवढी ओढ राहत नाही.

काजूभाट, सत्तरी

मुंग्यांचं वाचून मी जरा गप्प झालो. आमच्या वाड्यावर भट्टीवर कामाला असलेला एकजण असाच करायचा, आम्ही देवचाराची बाधा म्हणून नारळ दिला होता. वहिनी, बायने सांगितलंय तसंच करा. हुर्राकीबद्दल माझं मत तेच आहे, पण ते आजोबांपुरतं. ते सीझन संपला की पुढच्या फाल्गुनापर्यंत हात लावत नसत, हे मी मघाशी लिहायचं राहिलं.

डिचोलीची सून

उद्या बांबोळीला जातोय. दीर गाडी काढतो म्हणाले, त्यांना आता वाद घालायचा नाहीये बहुतेक. दादा, एक विचारून ठेवते, पुढची तपासणी कधी करायची? आणि फेनोफायब्रेट चालूच ठेवायची का?

नळीवाला, फोंडा

गोळीचं उद्या त्यांनाच विचारा, आणि एसजीओटी-एसजीपीटी दाखवूनच विचारा, कारण ही गोळी देताना लिव्हरचे आकडे बघावे लागतात. मनाने बंद करू नका आणि शेजाऱ्याचं बघून कोलेस्टेरॉलची दुसरी गोळीही सुरू करू नका.

तपासणी दारू सुटल्यावर तीन-चार आठवड्यांनी. ट्रायग्लिसराइड सगळ्यांत आधी उतरतं, काही दिवसांतच सुरुवात होते. जीजीटी रेंगाळतं, त्याला एक-दोन महिने द्या, पहिल्या महिन्यात १२० दिसलं तर निराश होऊ नका आणि नवऱ्यावर संशयही घेऊ नका. दारू सुटूनही ट्रायग्लिसराइड ३००-४०० वरच अडलं तर मग घराण्यात कोणाला आहे का, साखर, थायरॉइड, हे डॉक्टर शोधतील. एचडीएल थोडं खाली आलेलं दिसेल, दारू सोडली की येतंच, दिरांना आधीच सांगून ठेवा.

रक्त द्यायला बारा तास उपाशी या, पाणी प्यायलेलं चालतं. आदल्या दिवशी लग्न-मुंज नको. शक्यतो त्याच लॅबमध्ये करा म्हणजे आकडे जुळवता येतात. नवीन रिपोर्ट इथे टाकाल तेव्हा नाव आणि फोन नंबर झाकून टाका, मागच्या महिन्यात एकाने आधार कार्डासकट टाकला होता.